हिंगणी ते सावंगी, लिटरला अठरा

मोठी गाडी घेतली की लोक किंमत विचारत नाहीत, अ‍ॅव्हरेज विचारतात. किंमत विचारणं वाईट दिसतं ना! "किती देते हो?" हे मात्र सिग्नलला शेजारी थांबलेला स्कूटरवालासुद्धा विचारतो. कऱ्हाडात दोन वर्षं ज्यानं त्यानं आमच्या हायब्रिडबद्दल हेच विचारलं आणि आमच्या ह्यांनी प्रत्येकाला छाती पुढे काढून "साडेतेवीस" सांगितलं. हा कंपनीच्या कागदावरचा आकडा. आमच्या गाडीनं तो कधी दाखवला नव्हता, कारण दाखवायला गाडी चालावी लागते, आणि आमची गाडी शेडमध्ये खोळ पांघरून उभी होती.

आठ माणसं बसतील एवढी गाडी, आणि घरात माणसं दोन. ह्यांना निवृत्तीनंतर भारत फिरायचा होता. गाडी आली आणि सहा महिन्यांत ह्यांचे गुडघे गेले. मग मी ती रविवारी मंडईत न्यायची, कोथिंबीर आणि मेथी घेऊन परत आणायची. हायब्रिड म्हणून जे जास्तीचे पैसे मोजले, ते पेट्रोलच्या बचतीतून सहा वर्षांत सुटतात, असं ह्यांचं गणित. माझ्या गणितानं साठ वर्षं लागणार होती. अहो, पेट्रोल वाचवणारी गाडी दारात उभी ठेवली तर ती वाचवणार काय, कपाळ? ती रोज पळेल तिथेच तिची किंमत वसूल होणार. पण हे ऐकतील तर शपथ.

अशात निर्मलाचा फोन आला. निर्मला आणि मी नर्सिंगच्या ट्रेनिंगला एका खोलीत तीन वर्षं राहिलो. ती वर्धा जिल्ह्यातली, हिंगणीची. सरकारी दवाखान्यात नोकरी केली आणि निवृत्त होऊन वडिलांच्या घरी येऊन राहिली. दोन वर्षांपूर्वी तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, डायलिसिससाठी सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात जावं लागतं. तिच्या भागातले आणखी तीन पेशंट आहेत. चौघं मिळून एका जुन्या जीपनं जायचे. ती जीप कायमची बसली होती. आता हिंगणीहून आटो, सेलूहून बस, वर्ध्याहून पुन्हा आटो, आणि संध्याकाळी तीच वरात उलट.

"दोघांनी शुक्रवार सोडला," ती म्हणाली. "म्हणतात, एकदाच जाऊ."

मी चौतीस वर्षं वॉर्डात काढली आहेत. एक डायलिसिस सोडलं की अंगात पाणी साचतं, पाय सुजतात, रात्री उशी लावूनही श्वास पुरत नाही, आणि एखाद्या सोमवारी माणूस जातो. फोन ठेवला आणि शेडकडे बघितलं. गाडी हिंगणीला जाणार, हे तिथल्या तिथे ठरलं. ह्यांच्याशी तीन दिवस भांडण झालं. चौथ्या दिवशी हे म्हणाले, "ने. पण अ‍ॅव्हरेज लिहून आण."

निर्मलाला सांगितलं तर बाईसाहेबांनी अट घातली. "फुकटची गाडी मले नको, शोभा. पेट्रोल आमचं आमी भरू. चौघांचं एसटीचं अन् आटोचं जेवढं भाडं लागते तेवढ्यातच बसलं पायजे, एक पैसा जास्त नाई. मी काढून पाह्यलं, लिटरले अठरा पडलं तरच जमते. अठरा नाई पडलं त तू गाडी परत नेजो."

"आणि सतरा पडलं तर?"

"त परत नेजो."

समृद्धी महामार्ग

कऱ्हाडहून मी एकटी निघाले. एकसष्ट वर्षांच्या बाईनं एवढी मोठी गाडी आठशे किलोमीटर न्यायची म्हणून शेजारणींनी अशी तोंडं केली की जणू मी काशीला चाललेय. संभाजीनगरला एक मुक्काम केला. समृद्धीवर लागल्यावर सगळे पळतात म्हणून मीही पळवली, आणि काट्याकडे बघते तर अ‍ॅव्हरेज चौदा! नंतर आठवलं, शोरूमच्या पोरीनं सांगितलं होतं की ही गाडी उलट्या डोक्याची. साध्या गाड्या मोकळ्या रस्त्यावर जास्त देतात, ही मात्र थांबत थांबत, हळूहळू चालण्यात जास्त देते. हळू चालताना बॅटरीवरची मोटर तिला ओढते, जोर लागला की पेट्रोलचं इंजिन येतं, आणि ब्रेक मारला किंवा उतार लागला की बॅटरी आपली आपण भरते. सलग एकशे दहानं पळवलं तर इंजिनालाच राबावं लागतं. मी ऐंशीवर आले. मागून ट्रकवाले हॉर्न मारत पुढे गेले, जाऊ देत म्हटलं.

हिंगणी, रविवार

गावात शिरले तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि मे महिना आपलं काम चोख करत होता. आमच्याकडे उन्हाळ्यात घाम येतो. इथे घामसुद्धा येत नाही, यायच्या आधी वाळतो. गल्लीत गाय आडवी बसली होती. मी गाडी अगदी हळू केली, म्हणजे इंजिन बंद, फक्त मोटर चालू, आवाज शून्य. गाय काही हलेना. आवाजच नाही तर ती तरी कशाला उठेल? मी हॉर्नला हात घालणार, तोच गाडी आपोआप पुढे सरकायला लागली. आरशात बघते तर पारावरचे चार बाप्ये मागून गाडी ढकलत होते!

"अहो, अहो! चालू आहे!"

"बंद पडली नं बाई, आवाज कुठी हाय?" त्यांतला एक म्हातारा खिडकीशी आला. डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, मिशा कात्रीनं नीट कापलेल्या. "गरम झाली असंल. दहा मिंटं राहू द्या, मंग स्टार्टर मारा."

हे नामदेवभाऊ. एसटीतले निवृत्त ड्रायव्हर, एकतीस वर्षं एकही अपघात नाही. आधीची जीप तेच चालवायचे, आणि ही गाडीही तेच चालवणार होते. पगार घेत नव्हते. त्यांची बायको याच आजारानं गेली, तेव्हा गाडी नव्हती. हे मला त्यांनी नाही, निर्मलानं नंतर सांगितलं.

निर्मला दारात उभी होती. डायलिसिसची सुई टोचायला हातावर केलेली फिस्टुलाची फुगलेली शीर सोडली तर तीच, ताठ मानेची, करड्या आवाजाची. गळ्यात पडलो, दोघीही रडलो, मग तिनं डोळे पुसून पहिलं वाक्य काढलं, "लय मोठी हाय व ही. अठरा देईल का?"

त्या संध्याकाळी तिनं गोळाभात केला. बेसनाचे गोळे भातातच शिजवायचे आणि वरून कडकडीत फोडणीचं तेल. आमच्याकडे भातावर तेल म्हणजे सासू हाकलून देईल. इथे दुसऱ्यांदा तेल घेतलं नाही म्हणून निर्मलाच रागावली. ती स्वतः मात्र दोन घास मोजून जेवली आणि पाणी तर पेल्याच्या खुणेपर्यंतच प्यायली. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आणि पाणी मोजून प्यायचं. मला माझा तांब्या तिच्यासमोर उचलवेना.

मंगळवार, पहिली फेरी

सकाळी सातला सेलूच्या पंपावर टाकी भरली. गाडीच्या काट्यावर नामदेवभाऊंचा विश्वास नव्हता. "काटा कंपनीचा, टाकी आपली," ते म्हणाले. टाकी गळ्यापर्यंत भरायची, फेरी करायची, परत त्याच पंपावर त्याच नळीनं गळ्यापर्यंत भरायची. जेवढं पेट्रोल मावलं तेवढं लागलं. नळी आपोआप बंद झाल्यावर ते गाडीच्या मागे गेले आणि दोन्ही हातांनी ती गदागदा हलवू लागले, म्हणजे आतली हवा निघून आणखी थोडं मावेल. एवढं मोठं धूड ते! पंपावरचे दोघं मदतीला आले. मी आत बसूनच झोके घेतले.

पुढच्या सीटवर गजाननभाऊ. कपाशी आणि तुरीचं वावर असलेला जुना शेतकरी, जिभेला हाड नाही. ज्यांनी शुक्रवार सोडला होता त्यांतले हे एक. निर्मलानं त्यांना "जय भीम" केलं, त्यांनी तिला "राम राम" केलं, आणि दोघांनी लगेच एकमेकांच्या पायाची सूज तपासली. मधल्या सीटवर निर्मला आणि एक अबोल मास्तर. सर्वात मागे मी आणि मोठीआई, म्हणजे सत्तरीची एक बारकीशी म्हातारी. मोठीआई पेशंट नव्हती, मास्तरांची आई होती. चौथा पेशंट हमदापूरच्या फाट्यावरून येणार होता. तो आलाच नाही.

"त्यानं मंगळवार बी सोडला?" निर्मलानं विचारलं.

"शुक्रवारी येतो म्हणते," गजाननभाऊ म्हणाले. "मी मंगळवारवाला, तो शुक्रवारवाला. दोघं बी शुक्रवार सोडत होतो, आता वाटून घेतलं आमी."

निर्मलानं खिडकीबाहेर बघितलं. मला मात्र त्या माणसाच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला.

सेलूहून वर्ध्याचा रस्ता बघायला सपाट, पण प्रत्येक नाल्याशी खाली उतरतो आणि पलीकडे वर चढतो. शिवाय गावागावाला गतिरोधक. नामदेवभाऊंचं चालवणं असं की मोठीआईच्या मांडीवरच्या डब्यातलं ताक हललं नाही. मी मागून त्यांचं डोकं आणि दुपट्टा एवढंच बघत होते आणि खुशीत होते. म्हटलं, असला हात असल्यावर अठरा काय, वीस पडेल.

सावंगी म्हणजे दवाखान्याभोवती उगवलेलं गावच. पांढऱ्या कोटातली पोरं-पोरी, झेरॉक्स, खानावळी, टपऱ्यांवर पोहे आणि त्यावर लालभडक तर्री. चार तास पेशंट आत, आणि आम्ही बाहेर. झाडाखाली जागा मिळाली नाही म्हणून मोठीआईसाठी गाडीत एसी लावून बसलो. गाडी शांत उभी असायची आणि मधूनच इंजिन आपोआप घुर्रर्र करून सुरू व्हायचं. मोठीआई दचकून म्हणायची, "बाप्पा! कोणी बसलं नाई अन् चालू झाली!" तिनं तिसऱ्या वेळी डॅशबोर्डला नमस्कार केला.

संध्याकाळी सेलूला टाकी भरली. पुन्हा गदागदा हलवून. नामदेवभाऊंनी वहीच्या पानावर भागाकार केला, खोडला, परत केला.

"तेरा दशांश आठ."

गजाननभाऊ म्हणाले, "माह्या ट्रॅक्टरपेक्षा बरं हाय." कोणी हसलं नाही.

रात्री ह्यांचा फोन. "किती पडलं?" मी म्हटलं, रेंज नाहीये. आणि फोन ठेवला.

निर्मलानं मला समजावलं, तेही स्वयंपाक करताना, पाठ करून. "तू आणली, लय झालं. शुक्रवारी अजून एक डाव पाहू. नाई जमलं त शनिवारी तू गाडी घेऊन जाजो. मी बसनं जाईन. माह्या बापानं पुलगावच्या मिलमधी तीस वर्षं पाळी केली, कोनाचं फुकट घेतलं नाई. मले ते जमत नाई."

मला इतका राग आला. म्हटलं, "जिवापेक्षा अट मोठी का गं तुझी?" ती म्हणाली, "अट नाई व. उद्या तू थकली, पेट्रोल महागलं, मंग? मंग हे तिघं माह्या भरोशावर बसतील अन् गाडी बंद पडंल. आपल्या पैशानं चालली तरच चालत राहते." मी चिडचिड करत भांडी घासली.

पुलगाव, गुरुवार

बुधवार मी गाडीचं पुस्तक वाचण्यात घालवला. एसीमुळे कमी पडलं असेल, असं ठरवलं. गुरुवारी नामदेवभाऊंना पुलगावला लेकीकडे कुरड्यांचा डबा पोचवायचा होता. मी म्हटलं, मीच चालवते. हात तरी मोकळा होईल.

नामदेवभाऊ शेजारी बसले. गुडघ्यांवर पत्र्याचा मोठा डबा, त्यावर आणखी एक पिशवी, दोन्ही हातांनी कवटाळलेलं. "खड्डा आला का सांगजा, कुरडी लय नाजूक राहते," असं दर दोन मिनिटांनी. पुलगावच्या अलीकडे सैन्याच्या दारूगोळा भांडाराचं कुंपण लागतं, ते संपता संपत नाही. मी फोटोसाठी फोन काढला तर त्यांनी डबा सांभाळत डोळे वटारले. "बाई, ठेवा तो. आत बी घालतील अन् कुरडी बी जाईल."

लेकीनं आंब्याचा रस आणि शेवया वाढल्या. आमच्याकडे रसाबरोबर पोळी, इथे शेवया, आणि बोटांनी खायच्या. तीन वाट्या खाल्ल्या, कबूल करते. परत येताना एसी पूर्ण सुरू होता, तापमान पंचेचाळीस, आणि हिंगणीत येऊन काटा बघितला. एकवीस.

मी परत बघितला. एकवीस!

नामदेवभाऊंनीही बघितला. त्यांच्या मिशा हलल्या. "तुमी चालवता तवा एकवीस, मी चालवतो तवा चौदा?"

"मंगळवारी माणसं जास्त होती ना."

"चार मानसं जास्त. चार मानसांनं सात किलोमीटर खाल्ले?" ते डबा नसलेल्या हातांनी उभे राहिले. "एकतीस वर्षं डेपोत डिझेल वाचवण्यात माह्या वर कोणी नव्हतं, बाई. तक्त्यावर पहिलं नाव माह्यं राहे. काटा खोटा हाय."

ते जेवायला न थांबता निघून गेले.

शुक्रवार

या वेळी मी गजाननभाऊंना मागे बसवलं आणि स्वतः पुढे बसले. हो, गजाननभाऊ आले होते. "शेवटचीच फेरी हाय म्हणतात, तवा एसीची हवा खाऊन घेतो," असं म्हणत. हमदापूर फाट्यावर चौथाही उभा होता. चौघं पेशंट, मोठीआई, मी आणि नामदेवभाऊ. गाडी पहिल्यांदा भरली होती आणि मला फार बरं वाटलं. मनात म्हटलं, देवा, आज अठरा पडू दे, मंडईत न्यायला परत देऊ नकोस ही मला.

सेलू सोडलं. पहिला नाला. रस्ता खाली उतरायला लागला आणि नामदेवभाऊंचा डावा हात सहज, बघता बघता, गिअरच्या दांडीवर गेला. टक्. न्यूट्रल. गाडी भुर्रकन उतरली, चढ आला, टक्, पुन्हा गिअरमध्ये. पुढे गतिरोधक. लांबूनच टक्, न्यूट्रल. गावाचा फाटा, टक्. समोरच्या पडद्यावर एक चित्र असतं, चाकांकडून बॅटरीकडे बाण जातो, म्हणजे बॅटरी भरतेय. बाण एकदाही उमटला नाही.

माझ्या डोक्यात लख्ख झालं. डिझेल बस उतारावर न्यूट्रलमध्ये सोडायची, तेवढं डिझेल वाचतं, असं जुन्या ड्रायव्हरांच्या हाडात बसलेलं. याच एका हातानं ते तक्त्यावर पहिले आले असणार. पण ही गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की बॅटरी भरणं बंद! उतार फुकट, ब्रेक फुकट, आणि चढावर रिकाम्या बॅटरीसाठी इंजिनानं मरमर मरायचं. एकतीस वर्षांची हुशारी लिटरमागे सात किलोमीटर खात होती. आणि काल पुलगावला? काल त्यांचे हात कुरड्यांच्या डब्यात अडकले होते आणि चालवत मी होते.

हे शांतपणे, बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. तेवढी अक्कल मला असती तर काय हवं होतं! मी सगळ्यांसमोर ओरडले, "अहो, न्यूट्रल कशाला करता? सगळं तुमच्यामुळेच होतंय!"

नामदेवभाऊंनी गाडी बाजूला घेतली, थांबवली. मला वाटलं, उतरले आता. त्यांनी समोर बघत सांगितलं, "पेशंटची येळ हाय. पोचवतो. मंग चावी तुमची." आणि सावंगीपर्यंत हात दांडीवरून काढला नाही. उलट प्रत्येक उतारावर जास्तच ठसक्यात टक्.

निर्मला आत जाताना माझ्या कानाशी आली. "गाडी एक वेळ दुसरी भेटंल, शोभा. नामदेवभाऊ दुसरे नाई भेटत."

मी दोन प्लेट पोहे आणि चहा घेऊन पार्किंगच्या भिंतीच्या सावलीत गेले. ते दुपट्टा पसरून बसले होते. चावी दुपट्ट्यावर, माझ्या बाजूला.

"भाऊ, माझं चुकलं. जीभ काळी आहे माझी. घरीही सगळे हेच म्हणतात."

त्यांनी फक्त चहा घेतला.

"तुमची रीत बसला बरोबर होती. तुम्हाला या गाडीचं कुणी सांगितलंच नाही, मीसुद्धा नाही. मला माहीत होतं आणि मी मागे बसून ताकाकडे बघत राहिले."

चहा संपवून ते म्हणाले, "उतारावर न्यूट्रल केलं त पेट्रोल जाते कुठी?"

"जात काही नाही. येणारं बुडतं." मी सांगितलं, ही गाडी उतारावर कमावते. चाकं फिरतात, ती मोटरला फिरवतात, मोटर बॅटरी भरते, आणि ती कमाई पुढच्या चढावर खर्चते. न्यूट्रल केलं की चाकांचा आणि मोटरचा संबंधच तुटतो.

त्यांनी पोह्याची प्लेट हातात घेतली, खाल्ली नाही. "म्हंजे ते कमावून राह्यली होती, अन् मी दर उतारावर तिचं खातं बंद करून राह्यलो होतो."

"हो."

"अन् या लोकांचं अठरा पडलं नाई, ते माह्यामुळं." त्यांनी प्लेट खाली ठेवली. "बाई, माह्यी म्हातारी शुक्रवारच सोडे. परवडत नाई म्हणे. मी ड्रायव्हर, अन् माह्याच घरी गाडी नव्हती."

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. थोड्या वेळानं त्यांनी पोहे संपवले, तर्री पिऊन टाकली आणि चावी उचलून खिशात घातली.

परतीला त्यांनी दुपट्टा काढला, त्याचं एक टोक डाव्या मनगटाला बांधलं आणि दुसरं माझ्याकडे दिलं. "हात एकतीस वर्षांचा हाय, ऐकत नाई. दांडीकडं गेला का ओढजा." पहिल्या दोन नाल्यांना मी ओढला. तिसऱ्याला गजाननभाऊ मागून ओरडले, "ओढा, ओढा, बैल सुटला!" आणि थकून झोपलेले बाकीचे तिघंही हसले. सेवाग्रामच्या पुढे हात आपणहून मांडीवर बसला. पडद्यावर बाण येत होता, प्रत्येक उतारावर, प्रत्येक गतिरोधकाला. नामदेवभाऊ बाणाकडे बघायचे आणि हळूच म्हणायचे, "कमाव, माय, कमाव."

सेलूचा पंप. हलवाहलवी. भागाकार.

"सतरा दशांश दोन," नामदेवभाऊ म्हणाले. "सकाळची फेरी माह्यी. तिनं खाल्लं."

सगळे निर्मलाकडे बघायला लागले. चार तास मशीनवर काढून आलेली बाई, उभंही राहवत नव्हतं, आणि तरी म्हणाली, "अठरा नाई."

"अगं, येतानाचं एकट्याचं काढलं तर वीस येईल!"

"काढलं नाई. टाकी दोनदाच भरली."

मी रडकुंडीला आले. तेव्हा नामदेवभाऊ तिच्यासमोर उभे राहिले. "निर्मलाबाई, मंगळवार मले द्या. एकच. सकाळपासून नीट चालवतो. अठरा नाई आलं त गाडी मी स्वतः कऱ्हाडले नेऊन सोडतो, माह्या पेट्रोलनं."

निर्मलानं त्यांच्याकडे बघितलं, मग मनगटाला बांधलेल्या दुपट्ट्याकडे. "मंगळवार," ती म्हणाली. "एकच."

परत

शनिवारी वर्ध्याहून मी रेल्वेनं निघाले. ती रेल्वे थेट कऱ्हाडला सोडते. गजाननभाऊंनी गोरसपाकाचा, म्हणजे वर्ध्याच्या तुपाळ बिस्किटांचा पुडा दिला, मोठीआईनं पापड. निर्मला स्टेशनवर आली नाही, तिला झेपत नाही. नामदेवभाऊंनी सोडलं. गाडीची एक चावी त्यांच्याकडे ठेवली. दुसरी निर्मलानं मुद्दाम माझ्या पर्समध्ये घातली होती. "तुही गाडी हाय अजून," म्हणाली.

रविवार, सोमवार माझं सगळं लक्ष फोनकडेच. ह्यांनी रिकाम्या शेडमध्ये खुर्ची टाकली होती, तिथे बसून पेपर वाचायचे. मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला फोन वाजला. मी उचलायच्या आत ह्यांनीच उचलला, स्पीकर लावला आणि "किती पडलं?" म्हणून विचारलं.

"एकोणीस दशांश चार," निर्मला म्हणाली. मागे पंपावरचा गोंधळ ऐकू येत होता. "शोभा हाय का तिथी?"

"आहे, आहे. बोल."

"दुसरी चावी पाठवून देजो."

चाळीस वर्षांच्या मैत्रीत या बाईनं माझ्याकडे पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. ह्यांनी माझी पर्स आणून समोर ठेवली.

"आणि शुक्रवारी?" मी कसंबसं विचारलं. "शुक्रवारी कोण कोण जाणार?"

"काऊन विचारतं व?" निर्मला म्हणाली. "सगळेच."